संगीताच्या प्राध्यापकाने लिथुआनियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं, हे खरं आहे का? आणि असा माणूस राजकारणात आला कसा?

हो, खरं आहे. त्यांचं नाव विताउतास लान्ड्सबेर्गिस. लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता.

मला ते आधी भेटले ते चुर्ल्योनिसमुळे, राजकारण नंतर कळलं. चुर्ल्योनिस (१८७५–१९११) हा लिथुआनियाचा संगीतकारही आणि चित्रकारही. पस्तिसाव्या वर्षी गेला. सोनाटा म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, पण हा चित्रांनाही सोनाटा म्हणायचा. त्याच्या ‘समुद्राच्या सोनाटा’त अलेग्रो (जलद), अंदान्ते (संथ), फिनाले (शेवटचा भाग) अशी तीन चित्रं आहेत. फिनालेत एक अजस्र लाट चिमुकल्या होड्यांवर कोसळायच्या बेतात आहे, आणि निरखून पाहिलं तर तिच्या फेसात चित्रकाराची आद्याक्षरं सापडतात. मला ती सापडली तेव्हा मी कितीतरी वेळ त्या चित्रासमोरून हललो नव्हतो. छापील पुस्तकातलं चित्र होतं, तरीही.

या माणसाच्या कामाचा लान्ड्सबेर्गिस यांनी जन्मभर पाठपुरावा केला. हस्तलिखितं वाचायची, पत्रं लावायची, स्वरलिपी तपासून छापायची. फार चिकाटीचं काम. १९५५ मध्ये ते राजधानी विल्निअसच्या कॉन्झर्व्हेटरीतून, म्हणजे संगीत महाविद्यालयातून, पदवीधर झाले, १९७८ पासून तिथेच प्राध्यापक. पियानो स्वतः वाजवायचे. पत्नी ग्राझिना याही पियानोवादक, तरुणपणी सायबेरियातली हद्दपारी भोगून परतलेल्या.

आता तुमच्या ‘कसा’बद्दल. लान्ड्सबेर्गिस यांचा जन्म १९३२ चा, काउनास शहरातला. आईचे वडील योनास याब्लोन्स्किस, प्रमाण लिथुआनियन भाषा ज्यांनी घडवली ते. लिथुआनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आणि झारच्या सरकारने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रोमन लिपीतल्या लिथुआनियन पुस्तकांवर बंदी घातली होती. लोक सरहद्दीपलीकडून, प्रशिया या जर्मन राज्यातून, पोत्यांत लपवून पुस्तकं आणायचे. पकडले गेले तर हद्दपारी. याब्लोन्स्किस यांचं व्याकरण १९०१ मध्ये असंच सरहद्दीपलीकडे, टोपणनावाने छापलं गेलं. (ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही, बरं का. देवाला ‘दिएवास’, मधाला ‘मेदुस’, मुलाला ‘सूनुस’. संस्कृत शिकलेल्याला लगेच ओळख पटते.)

ज्या घरात व्याकरण लिहिणं हेच धाडस होतं, तिथल्या नातवाने सोव्हिएत काळात आपल्या संगीतकाराचा एकेक स्वर जपून ठेवावा, यात मला राजकारणच दिसतं. जे उघड बोलता येत नव्हतं ते चुर्ल्योनिसबद्दल बोलताना बोलता येत होतं, असं माझं मत आहे.

१९८८ मध्ये ‘सायूदिस’ ही लिथुआनियाची स्वातंत्र्य चळवळ उभी राहिली आणि लान्ड्सबेर्गिस तिचे नेते झाले. ११ मार्च १९९० ला नवनिर्वाचित सभागृहाने त्यांना अध्यक्ष निवडलं आणि त्याच रात्री स्वातंत्र्याची घोषणा मंजूर झाली. बाजूने १२४, विरोधात एकही नाही, ६ तटस्थ. मॉस्कोने तेल आणि गॅस तोडला. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री रणगाडे विल्निअसच्या दूरदर्शन मनोऱ्यावर चालून गेले, निःशस्त्र माणसं मारली गेली. त्या वेळी लान्ड्सबेर्गिस संसदेच्या इमारतीतच थांबले. बाहेर हजारो लोक शेकोट्या पेटवून, गाणी म्हणत, कडाक्याच्या थंडीत पहारा देत होते. मॉस्कोने मान्यता दिली ती सप्टेंबरात.

त्यानंतरही त्यांनी चुर्ल्योनिसला सोडलं नाही. २००४ मध्ये ते युरोपीय संसदेवर निवडून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी संपादित केलेला चुर्ल्योनिसच्या पियानो रचनांचा मोठा खंड निघाला.

चुर्ल्योनिस ऐकायचाच असेल तर ‘मिश्के’पासून सुरुवात करा, म्हणजे ‘रानात’. वाद्यवृंदाची रचना आहे, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. पहिल्या मिनिटात फारसं काही घडत नाही, फक्त झाडं हलायला लागतात. तेवढं थांबून ऐका. मग ‘समुद्र’ ही त्याचीच वाद्यवृंदाची रचना लावा, त्याला अर्धा तास मोकळा ठेवा.