चकचकीत स्टिकरवरची शाई पुसली का जाते?

प्रश्न : आमचा कोकम आगळ, आमसुले आणि लोणची विकण्याचा घरगुती व्यवसाय आहे. बाटल्यांवरची लेबले आम्ही घरीच, इंक टँक प्रिंटरवर, ग्लॉसी स्टिकर शीट घालून छापतो. पहिल्या पाकिटातील शीटवर रंगीत चित्र छान येत असे, पण काळी अक्षरे दुसऱ्या दिवशीही अंगठा फिरवला की पुसली जात. ते पाकीट संपल्यावर होलसेल बाजारातून स्वस्तात मिळालेले दुसरे आणले, तर त्यावर सगळेच रंग थेंबाथेंबांनी उभे राहतात आणि सुकतच नाहीत. हेड क्लीनिंग अनेकदा करून झाले, हेअर ड्रायरही फिरवून पाहिला. प्रिंटर बिघडला आहे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या पत्रातील वर्णनावरून प्रिंटर ठणठणीत आहे असेच दिसते. आपल्याकडे एकामागून एक अशा दोन वेगळ्या अडचणी आल्या आहेत आणि दोन्हींत शाई पुसली जाते, एवढेच त्यांच्यात साम्य आहे. हेड क्लीनिंग मात्र आता थांबवावे. नोझल, म्हणजे हेडवरची शाई फवारणारी बारीक छिद्रे, तुंबून छपाईत पांढऱ्या रेघा येत असतील तर त्याचा उपयोग. शाई सुकत नसताना ते करणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डागणी पखालीला. त्यात महागाची शाई वाया जाते आणि ती शोषणारे प्रिंटरच्या पोटातले पॅड लवकर भरते.

आधी दुसऱ्या पाकिटाविषयी, कारण त्याचा निकाल सोपा आहे. इंक टँक प्रिंटर हा इंकजेटचाच एक प्रकार, आणि इंकजेटची शाई मुख्यतः पाणी असते. त्यात रंगद्रव्य आणि नोझलच्या तोंडाशी शाई वाळू नये म्हणून घातलेले ग्लिसरीनसारखे सावकाश उडणारे द्रव असतात. ही शाई सुकते ती प्रामुख्याने कागदात जिरून. म्हणूनच इंकजेटसाठी बनवलेल्या चकचकीत शीटवर शाई पिऊन घेणारा खास लेप दिलेला असतो. बाजारात तितकीच चमकणारी क्रोमो आणि मिररकोट स्टिकर शीटही मिळतात, पण ती ऑफसेट किंवा लेझर छपाईसाठी असतात, आणि साध्या विनाईलवर, म्हणजे प्लास्टिकच्या स्टिकरवर, तर लेपच नसतो. अशा पृष्ठभागावर शाईला शिरायला जागा नसल्याने ती थेंब होऊन बसते, आणि ग्लिसरीनमुळे दुसऱ्या दिवशीही ओलसर राहते. सेटिंग बदलून किंवा गरम हवा मारून हा दोष जात नाही. उलट ड्रायरच्या उष्णतेने मागचा गोंद मऊ पडतो, शीटच्या कडा वर वळतात आणि पुढच्या वेळी तेच शीट प्रिंटरच्या हेडला घासते.

शीट कोणत्या जातीचे आहे, हे छापण्यापूर्वीच कळू शकते. कोपऱ्यावर ओलसर बोट क्षणभर दाबून उचलावे. इंकजेटचा लेप असेल तर बोट किंचित चिकटल्यासारखे वाटते आणि तेथे डाग उमटतो; लेप नसेल तर पाणी तसेच वर राहते आणि फडक्याने पुसले की मागमूस उरत नाही. दुकानदाराने ‘सगळ्या प्रिंटरला चालते’ असे सांगितले तरी पाकिटावर इंकजेट हा शब्द छापलेला आहे का, ते स्वतः पाहावे. उरलेली शीट फेकू नयेत. पाकिटावर लेझरसाठी असल्याचा उल्लेख असेल, तर रंगीत लेझर प्रिंट काढून देणाऱ्या दुकानात त्यांवर उत्तम छपाई होईल. याच्या उलट, इंकजेटची ग्लॉसी शीट मात्र लेझर यंत्रात चुकूनही घालू देऊ नयेत, कारण तेथील तापलेल्या रोलरवर तो लेप वितळून चिकटू शकतो आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरून वाद होतात.

आता पहिले पाकीट. रंग टिकतात आणि काळेच तेवढे पुसले जाते, ही खूण फार बोलकी आहे. अनेक इंक टँक प्रिंटरांत, उदाहरणार्थ कॅननच्या जी मालिकेतील बऱ्याच आणि एचपीच्या बहुतेक टँक प्रिंटरांत, तीन रंग डाय शाईचे आणि काळा पिग्मेंट शाईचा असतो. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, तो लेपात खोल उतरतो. पिग्मेंटमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. साध्या कागदावर ते तंतूंत अडकून ठसठशीत अक्षर देतात, पण चकचकीत लेपावर ते वरच थर करून बसतात आणि पाणी जिरून गेले तरी अंगठ्याबरोबर निघून येतात. प्रिंटर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. त्यामुळे छपाईच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया टाइप’ (कागदाचा प्रकार) या ठिकाणी ग्लॉसी फोटो पेपर निवडला की असे बहुतेक प्रिंटर पिग्मेंट काळ्याला हात लावत नाहीत आणि तीन रंग एकत्र करून काळा बनवतात. आपण ते सेटिंग ‘प्लेन पेपर’वरच ठेवले असावे, असा माझा कयास आहे. फोनवरून छापताना हा पर्याय बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून लेबले संगणकावरूनच छापावीत.

खात्री करून घेण्यासाठी पूर्ण शीट खर्चण्याची गरज नाही. शीटच्या वरच्या भागात ‘प्लेन पेपर’ ठेवून एक लहानसा काळा चौकोन आणि एक ओळ मजकूर छापावा, मग तेच शीट फिरवून दुसऱ्या टोकाला ग्लॉसी आणि ‘हाय’ दर्जा निवडून तोच नमुना छापावा. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींवर बोट फिरवले की उत्तर समोर येईल. ग्लॉसीतला काळा किंचित तपकिरी किंवा हिरवट वाटू शकतो आणि बारीक अक्षराची कड थोडी मऊ येते. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) चौदा आकडी परवाना क्रमांकासारखा मजकूर म्हणूनच जरा मोठ्या आणि ठळक अक्षरात घ्यावा. तो वाचता आला नाही तर बाकीच्या सुबकपणाला काही अर्थ नाही.

एवढे करूनही केवळ गडद भाग ओलसर राहत असतील, तर शाई लेपाच्या कुवतीपेक्षा जास्त पडते आहे. ड्रायव्हरमधून, म्हणजे संगणकावरील प्रिंटरच्या सेटिंगमधून, शाईची घनता थोडी कमी करावी, आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे अशी रचना टाळता आली तर टाळावी. कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता सतत ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते, तेव्हा शीटही आधीच दमट झालेले असते. पाकीट घट्ट बंद डब्यात ठेवावे, लागतील तेवढीच शीट बाहेर काढावीत आणि छापलेली एकावर एक न रचता पंख्याखाली सुटी पसरावीत.

फराटे नेमक्या त्याच जागी, कडेला किंवा ठरावीक अंतरावरच्या ठिपक्यांच्या रांगेत येत असतील, तर दोष शाईचा नसून स्पर्शाचा आहे. कडेचा फराटा हेड घासल्याचा असतो. जाड कागदाचा किंवा कागद घासण्यापासून वाचवण्याचा पर्याय सुरू केला की हेड आणि शीट यांतले अंतर वाढते. ठिपक्यांच्या रांगा बाहेर ओढणाऱ्या दातेरी चाकांच्या असतात आणि शाई लवकर जिरू लागली की बहुधा आपोआप थांबतात.

प्रश्न : माझ्या प्रिंटरमध्ये चारही डाय शाई आहेत. लेबल छापल्यावर अजिबात पुसले जात नाही, पण फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी सुटले की रंग ओघळतात. शाई बदलू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : शाई बदलू नका. डाय शाई सुकली तरी पाण्यात पुन्हा विरघळू शकते, हा तिचा स्वभाव आहे. आणि डायसाठी बनवलेल्या टँकमध्ये पिग्मेंट शाई ओतली तर नोझल तुंबण्याची भीती असते. लेबलावर पारदर्शक कोल्ड लॅमिनेशन फिल्म लावणे हा खात्रीचा उपाय आहे. मात्र छपाईनंतर किमान एक दिवस थांबावे, नाहीतर आत अडकलेल्या ओलाव्याने फिल्म धुरकट होते आणि तिच्याखाली फुगे धरतात. गरम लॅमिनेशन स्टिकरच्या गोंदाला मानवत नाही. फिल्म शीटभर लावून मग नक्षीच्या काठाकाठाने कापल्यास कागदाची कड उघडी राहते आणि पाणी तिथूनच शिरते. म्हणून लेबले आधी कापून, बाटलीवर चिकटवून, त्यांवर चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठी फिल्म बसवावी. बॅच क्रमांक आणि तारीख हाताने लिहायची असेल तर ती फिल्मच्या वर, परमनंट मार्करने लिहावी, कारण बॉलपेन अशा पृष्ठभागावर उमटतच नाही.