रिव्हरला आधी बोलायची पाळी आपली असेल तर चेक करावं की बेट?

तुम्ही लिहिलंय, टेक्सास होल्डेम पोकरमध्ये (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे पाच) बिग ब्लाइंडवरून, म्हणजे पत्ते बघण्याआधीच ठरलेली रक्कम लावायच्या जागेवरून, खेळताना रिव्हरला, टेबलावरचा पाचवा पत्ता उघडल्यावर, आधी तुम्हाला बोलावं लागतं. हातात राजाची बरी जोडी असते, तुम्ही चेक करता (पैसे न लावता पाळी पुढे देता), बटनवाला, म्हणजे शेवटी बोलणारा, बेट मारतो (पैसे लावतो), तुम्ही कॉल करता (तेवढेच पैसे भरता) आणि बहुतेक वेळा हरता.

मीही बरेच दिवस हेच केलं. चेक म्हणजे सावधपणा वाटतो. पण पुढे कॉलच करणार असाल तर सावधपणा कसला? पैसे जायचे ते जातातच, किती जाणार ते मात्र समोरचा ठरवतो.

एक हात मांडून बघू. तुमच्याकडे राजा-दश्शी. टेबलावर राजा, नव्वी, दुर्री, सत्ती, तिर्री. फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत, दोन बदाम होते, पण फ्लश (एकूण पाच बदाम) लागला नाही. पॉट (मधे जमलेले पैसे) १०००, बेट ५०० ची. समजा समोरच्याकडे तुमच्यापेक्षा सरस हात १२ प्रकारे असू शकतो (राजा-राणी, दोन जोड्या वगैरे). कमी प्रतीचे, पण बेट कॉल करतील असे १०: राजा-अठ्ठी, नव्वीची जोडी. आणि तुम्ही चेक केलंत तर हुकलेले बदाम घेऊन ब्लफ मारतील, म्हणजे हातात काही नसताना पैसे लावतील, असे ३.

चेक करून कॉल केलंत तर सरस हातांकडे ६००० जातात, ब्लफवाल्यांकडून १५०० येतात. राजा-अठ्ठीवाला मुकाट मागून चेक करतो, त्याच्याकडून काहीच मिळत नाही. पत्ते फुकटात उघडले असते तर, त्या तुलनेत तोटा ४५००. चेक करून फोल्ड केलंत, म्हणजे बेट आल्यावर पत्ते टाकलेत, तर ते ६००० वाचतात, पण जिंकलेला पॉट तीनदा ब्लफवाल्याच्या पदरात टाकून येता, म्हणजे ३०००. आणि स्वतः ५०० लावलेत तर? ६००० जातात, राजा-अठ्ठी मंडळींकडून ५००० येतात, ब्लफवाले पत्ते टाकून देतात. तोटा फक्त १०००.

म्हणजे कॉल करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जण तुमच्या वरचढ असूनही बेटच बरी. हे पटायला मला वेळ लागला, कारण ‘कॉल झाल्यावर निम्म्या वेळा तरी जिंकायला हवं’ हा नियम डोक्यात पक्का बसला होता. तो नियम मागून बोलणाऱ्याचा. त्याला फुकटात पत्ते उघडायची सोय असते, तुम्हाला नाही. ३०० लावलेत तर याच हिशेबात तोटा ६०० वर येतो, म्हणून मी अशा हातांवर पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच लावतो.

समोरचा माणूस वेगळा असेल तर आकडे उलटतात. काही जणांना चेक दिसला की राहवतच नाही, काहीही हातात असो, पैसे लावतात. त्यांच्यापुढे खुशाल चेक करा आणि कॉल करा.

मोठा हात असला की चेक करून मग समोरच्याच्या बेटवर रेज मारायचा (रक्कम आणखी वाढवायचा) मोह होतो. एकदा पणजीला, मांडवीतल्या एका जहाजावर, मला रिव्हरला फुल हाऊस (एकाच किमतीचे तीन पत्ते आणि एक जोडी) लागलं. मी चेक केलं, चेहरा पाडून. समोरचे काका सबंध हातभर कॉल करत आलेले. त्यांनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं, म्हणजे चेक केलं, एक्का-राजा उघडला आणि चहा मागवला. ते काका कॉल करायला बसले होते, बेट मारायला नाही. तेव्हापासून नुसत्या कॉल करणाऱ्या माणसापुढे मोठा हात असेल तर मी सरळ पैसे लावतो, आणि जरा जास्तच लावतो.

ब्लफ थोडक्यात: १००० च्या पॉटमध्ये ५०० चा ब्लफ तीनात एकदा चालला तरी मुद्दल सुटतं. तो अगदी भिकार हातांनी मारा. छोटीशी जोडी असेल तर चेक करा, कधीकधी तीही जिंकते.

राहिलं ३०० लावल्यावर रेज आली तर. राजा-दश्शी गुपचूप टाकून द्या. आमच्या पुण्याच्या अड्ड्यावर रिव्हरला ब्लफ म्हणून रेज मारणारा एकच जण आहे, आणि तो फक्त दिवाळीत खेळायला येतो.