मेंटेनन्सचं काम फिटरचं की इलेक्ट्रिशियनचं? दोन युनियन अडून बसल्या तर ते कोण ठरवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या सूतगिरणीत दोन युनियन आहेत. फिटर बहुतेक एकीत, इलेक्ट्रिशियन बहुतेक दुसरीत. रिंगफ्रेमची, म्हणजे सूत कातणाऱ्या साच्याची, मोटर जळाली की दोन्हीकडून "हे आमचं काम" म्हणून ताणाताणी होते, साचा बंद राहतो आणि मॅनेजमेंट म्हणतं, तुमचं तुम्ही मिटवा. कायद्याने हे काम नक्की कोणाचं?

कायद्यात कुठेही "मोटर फिटरने काढावी" असं लिहिलेलं नाही. कामाची वाटणी मुळात मालकाने करायची. त्यामुळे "तुमचं तुम्ही मिटवा" हे उत्तर मला मान्य नाही, ती जबाबदारी झटकणं आहे. मात्र मालकालाही ती वाटणी मनाला येईल तशी करता येत नाही. सुरक्षेचे नियम, खात्यातली आजवरची वहिवाट आणि सह्या झालेला करार यांना धरूनच ती करावी लागते.

मी सोलापुरात गिरणीच्या इंजिनिअरिंग खात्यात फिटर होतो, पुढे युनियनच्या कमिटीवरही होतो. म्हणून आधी कामाचंच बोलतो. मोटर बदलायची म्हणजे पहिल्यांदा सप्लाय तोडून, फ्यूज काढून, पाटी लावायची आणि केबल सोडवायची. हे इलेक्ट्रिशियनचं. मग पट्टे उतरवायचे, फाउंडेशन बोल्ट सोडायचे, चेनपुलीने मोटर उचलायची, नवी बसवायची. हे फिटरचं. पण पट्टे चढवण्याआधी मोटर कोणत्या दिशेने फिरते हे बघावंच लागतं, त्यासाठी केबल जोडायला पुन्हा इलेक्ट्रिशियन. दिशा उलटी निघाली तर दोन फेजच्या वायरींची अदलाबदल करायची. त्यानंतर पुन्हा सप्लाय तोडायचा, फिटरने पुलीची रेषा जुळवायची, पट्ट्यांचा ताण बघायचा आणि गार्ड लावायचा. शेवटी चालू करून ॲम्पियर बघणार इलेक्ट्रिशियन. म्हणजे एकाच कामात हात चार-पाच वेळा बदलतात. हे काम मधोमध चिरून दोघांना वाटता येत नाही. "अख्खं काम आमचं" असं जी युनियन म्हणते ती कामाबद्दल बोलत नसते.

ती बोलत असते जागांबद्दल. हे काम आज इलेक्ट्रिशियन करायला लागले तर दोन फिटर रिटायर झाल्यावर त्यांच्या जागा भरणार नाहीत, ही भीती खरी आहे आणि तिला कोणी हसू नये. दुसरं कारण ओव्हरटाईम. ब्रेकडाऊन रात्री-अपरात्री होतो, जादा कामाला दुप्पट दर मिळतो, तो कोणाच्या घरी जाणार हा प्रश्न प्रत्येक पगाराला उभा राहतो. या दोन गोष्टी टेबलावर उघड मांडल्याशिवाय पान्याचं आणि टेस्टरचं भांडण मिटत नाही. आणि भांडण लांबलं तर काय होतं हेही मी बघितलंय: वार्षिक देखभालीचा ठेका बाहेरच्या कंत्राटदाराला जातो आणि दोन्ही युनियनचे लोक गेटवर उभं राहून त्याची माणसं आत जाताना बघतात.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र वादाला जागा ठेवू नका. विजेच्या जोडणीवर नेमून दिलेला, अधिकृत माणूसच पाहिजे. वायरमनचा परवाना राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. बॉयलरवर प्रमाणपत्र असलेला अटेंडंटच लागतो. चालत्या साच्याजवळ तपासणी, तेलपाणी किंवा पट्टा चढवणं यासाठी १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या २२व्या कलमाने खास शिकवलेला प्रौढ पुरुष कामगार, अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि रजिस्टरमध्ये नाव, अशी शिस्त घालून दिली. युनियन कोणतीही असो, या गोष्टींवर तडजोड करणाऱ्या कागदावर सही करू नका.

आता युनियनचं. आपल्याकडे युनियन झेंड्याची असते, हुन्नराची नसते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता आणि त्यात एका भागातल्या एका धंद्यात प्रातिनिधिक युनियन एकच. जॉबर (खात्यातला मुकादम) असो, फिटर असो की मागवाला, मालकाशी बोलणार तीच. अमेरिकेत उलट आहे. तिथे हुन्नराप्रमाणे युनियन बांधल्या गेल्या, म्हणून "काम कोणाचं" हा तंटा थेट कायद्यातच आला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याप्रमाणे असा वाद कामगार मंडळापुढे गेला की पक्षांना आपसात मिटवायला दहा दिवस मिळतात, नाही मिटला तर मंडळ निकाल देतं. सीबीएस या टीव्ही कंपनीत दिवे लावायचं काम तंत्रज्ञांचं की रंगमंच कामगारांचं यावरून तंत्रज्ञांनी कॅमेरे चालवायला नकार दिला आणि कार्यक्रम रद्द झाला. १९६१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाला बजावलं की काम कोणाचं ते तुम्हीच ठरवा, हात झटकू नका. १९६६ च्या रेल्वेच्या एका खटल्यात, तारवाले आणि कारकून यांच्यातल्या वादात, त्याच न्यायालयाने सांगितलं की दोन्ही युनियनना एकाच सुनावणीत बसवा. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. एकेकीला वेगळं बोलावून वेगळी आश्वासनं देणं हीच अर्ध्या भांडणांची सुरुवात असते.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. एवढं बळ कोणाचंच नसेल तर किमान २० टक्के असलेल्या युनियनची मिळून परिषद होते. कामगार विरुद्ध कामगार हा वादही औद्योगिक विवादात मोडतो, तो पूर्वीही मोडत होता. चालत आलेली वहिवाट बदलायची किंवा जागा कमी होतील अशी फेररचना करायची तर मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणून कामाची वाटणी एका सर्क्युलरने उलटीपालटी केली असेल तर पहिला आक्षेप तिथे घ्या. आणि रागाच्या भरात हत्यारं खाली ठेवू नका, संपाला आधी नोटीस लागते.

तुमच्या युनियनकडे ५१ टक्के असतील तरी दुसऱ्या युनियनची सही घ्या, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. बहुमताने मंजूर झालेली वाटणी रात्रपाळीला टिकत नाही.

नमुना हवा असेल तर आपल्याच स्टेशनावर आहे. रेल्वेच्या पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, रूळ आणि खडीचं पॅकिंग इंजिनिअरिंगचं, मोटर आणि सर्किट सिग्नलवाल्यांचं. ठराविक मुदतीने दोन्ही खाती मिळून पाहणी करतात आणि दोघांच्या सह्या होतात. सिग्नलवाल्यांना पॉइंट खोलायचा तर आधी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शनचा कागद द्यावा लागतो. काम दोघांचं, तरी कोणत्या क्षणी ते कोणाच्या हातात आहे हे लिहिलेलं असतं.

तसाच कागद तुम्ही करा. प्रत्येक कामाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक हुद्दा, काम दुसऱ्याकडे सोपवताना सही. त्याच करारात दोन कलमं घाला: या वाटणीमुळे मंजूर जागा कमी होणार नाहीत, आणि दुसऱ्याचं काम शिकून करणाऱ्याला वेगळा भत्ता मिळेल. ब्रेकडाऊनचा ओव्हरटाईम पाळीपाळीने. सहा महिने चालवून बघा, मग कायम करा.

सुरुवात मोटर बदलापासून करा, कारण त्याच्या पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत. मग कंप्रेसर आणि ह्युमिडिफिकेशन प्लँट. ऑटोडॉफरचे (भरलेल्या बॉबिन आपोआप काढणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारे) शेवटी घ्या. तिथे हवा, वीज आणि सेटिंग एकाच जागी येतं आणि खरा कस लागतो. तोवर दोन्हीकडच्या लोकांना एका टेबलावर बसायची सवय झालेली असेल.