‘खच्ची गायक’ म्हणावं का?

प्रश्न असा : ‘फारिनेल्ली’ (१९९४) या चित्रपटाची ओळख करून देताना ‘खच्चीकरण झालेला गायक’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याने विचारलं, “कोणी केलं? टीकाकारांनी?” मग ‘कास्त्रातो’ला, म्हणजे आवाज मुलासारखा उंच राहावा म्हणून लहानपणीच वृषणं निकामी केलेल्या युरोपातल्या जुन्या गायकाला, मराठीत म्हणायचं काय?

चूक वाचणाऱ्याची नाही. ‘खच्ची’ मूळ अरबी; हिंदीत बोकडाला ‘खस्सी’ म्हणतात, तोच हा शब्द. गोठ्यात त्याचा अर्थ अजून शाबूत आहे : खोंड खच्ची केला की बैल. पण वर्तमानपत्रांतून इतक्या खेळाडूंचं आणि कार्यकर्त्यांचं खच्चीकरण होऊन गेलंय, की माणसाला तो लावला की मनोधैर्यच आठवतं.

‘खोजा’ म्हटलं की जनानखान्याचा पहारा डोळ्यांपुढे येतो. ‘षंढ’ ही शिवी झाली. ‘तृतीयपंथी’ ही आजची ओळख, ती अठराव्या शतकातल्या गवयावर कशाला लादायची? बालगंधर्वांमुळे ‘स्त्रीपार्टी’ सुचेल, पण तेही फसवं. हे लोक बायकांच्या भूमिका करत, हे खरं. पण संगीतकार हँडेलच्या १७२४च्या ऑपेरात (संगीत नाटकात) खुद्द ज्युलिअस सीझर गायला तो सेनेसिनो हा कास्त्रातोच. उंच पट्टी तेव्हा नायकाची!

इटालियनांचीही हीच पंचाईत. त्यांच्याकडे ‘कास्त्रातो’ म्हणजे खच्ची केलेल्या मेंढ्याचं मटणसुद्धा. म्हणून अदबीने ‘मूझिको’ म्हणत, म्हणजे नुसतं ‘गवई’.

माझं मत : ‘कास्त्रातो’च ठेवा, इंग्रजी वळणाचं ‘कॅस्ट्राटो’ नको. पहिल्यांदा येईल तिथे फोड करा : ‘कंठ फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेला गवई’. ‘कंठ फुटणे’ इथे चपखल बसतं. आपल्याकडे कंठ फुटला म्हणजे पोरगा वयात आला. कार्लो ब्रॉस्कीचा, म्हणजे फारिनेल्लीचा, तो फुटूच दिला नाही. शिवाय ‘लहानपणीच’ आल्यावर ‘खच्ची’चा अर्थ मनोधैर्याकडे घसरत नाही. पुढे खुशाल ‘गवई’ लिहा. अनेकवचनात ‘कास्त्राती’ची हौस नको, एक फोटो, चार फोटो, तसेच चार कास्त्रातो.

आणि हो, ओळखीत ‘कास्त्रातोचा आवाज ऐका’ असं लिहू नका. चित्रपटातला आवाज डेरेक ली रॅगिन हा काउंटरटेनर (बायकांच्या पट्टीत गाणारा पुरुष) आणि एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, या दोघांचे गळे संगणकावर एकजीव करून घडवलेला आहे. खरा ऐकायचा तर अलेस्सांद्रो मोरेस्की या कास्त्रातोच्या १९०२ आणि १९०४च्या तबकड्या आहेत, खरखरीसकट.