शेवेविना पोहे आणि उलटा त्रिकोण

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. दिवाळीत आम्ही पुण्याला त्याच्या मावशीकडे गेलो होतो. तिथे ओले खोबरे घातलेले कांदेपोहे पुढे आले, तेव्हा "हे पोहे नाहीतच" असे म्हणून त्याने बशी सरकवली. दोन वर्षांचा असताना इथे इंदुरात राजवाड्यापाशी बसणाऱ्या पांढऱ्या दाढीच्या फुगेवाल्यालाही तो 'आजोबा' म्हणत असे. शब्दांचे अर्थ पक्के व्हावेत म्हणून त्याला आतापासून व्याख्या सांगाव्यात का? – एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, व्याख्येची घाई करू नका. इंदुरात वाढलेल्या मुलाने आजवर पाहिलेले पोहे डोळ्यांपुढे आणा : वाफेवर ठेवलेले, बडीशेपेच्या वासाचे, वर शेव, बारीक चिरलेला कांदा आणि जीरावण हा इंदुरी मसाला भुरभुरलेले, शेजारी बहुधा जिलबी. त्याच्या लेखी हेच पोहे. शेव हा पोह्यांचा भाग आहे की वरची सजावट, हे ठरवायला त्याच्यापाशी दुसरा नमुनाच नव्हता. तो पुण्यात प्रथम मिळाला आणि साहजिकच त्याने तो नाकारला.

मोठी माणसेही फार वेगळी वागत नाहीत. एलेनॉर रॉश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात दाखवून दिले की एका नावाखाली येणाऱ्या सगळ्या वस्तू मनाला सारख्याच जवळच्या नसतात. त्यांच्या अमेरिकी विद्यार्थ्यांना रॉबिन हा अगदी 'पक्ष्यासारखा पक्षी' वाटे आणि पेंग्विन जेमतेम पक्षी वाटे. 'हा पक्षी आहे' हे विधान खरे की खोटे असे विचारले, तर ठळक नमुन्यांच्या बाबतीत उत्तरही लवकर येई. आपल्याकडे रॉबिनचे काम चिमणी करते, एवढाच काय तो फरक. मनात आधी असा एखादा ठळक नमुना बसतो आणि बाकीच्या वस्तू त्याच्या जवळपास किंवा लांब मांडल्या जातात.

फुगेवाल्याची गोष्ट निराळी आहे. दोन वर्षांच्या मुलाजवळ शब्द थोडे असतात, म्हणून हाताशी असलेला शब्द ते ताणून वापरते. प्रत्येक चार पायांच्या प्राण्याला 'भू भू' म्हणणाऱ्या मुलापुढे चित्रे ठेवून "भू भू कुठे आहे?" असे विचारा, पुष्कळदा ते नेमके कुत्र्यावरच बोट ठेवते, म्हणजे बोलताना जो घोटाळा दिसतो तो समजण्यात तेवढा नसतो. शिवाय या बाबतीत थोडा दोष आपलाही आहे. भाजीवाल्याला काका म्हण, शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना आजोबा म्हण, हे आपणच शिकवतो. मग आजोबा म्हणजे वडिलांचे किंवा आईचे वडील, हे त्याने कुठून ओळखावे?

नात्याचे शब्द उशिरा उलगडतात. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी 1920 च्या दशकात मुलांना भावाबद्दल प्रश्न विचारले होते. "मला एक भाऊ आहे" असे सांगणारे मूल, "मग तुझ्या भावाला भाऊ आहे का?" असे विचारताच "नाही" म्हणते. फ्रँक कील आणि नॅन्सी बॅटरमन या अभ्यासकांनी 1984 मध्ये मुलांपुढे छोट्या कथा ठेवल्या. त्यांत दोन वर्षांचा एक काका होता. लहान मुलांनी त्याला काका मानायला साफ नकार दिला, कारण काका म्हणजे खाऊ आणणारा मोठा माणूस. वय वाढते तशी मुले वयाकडे आणि खाऊकडे बघणे सोडतात व तो बाबांचा भाऊ आहे की नाही, एवढेच तपासतात. आपल्या जुन्या मोठ्या घरांतून भाच्याहून लहान मामा असायचा, त्यामुळे तिथल्या मुलांना हा धडा घरातच मिळे. (माझाही एक मामा माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, शाळेत हे कोणाला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ येत.)

तेव्हा आजी, आता घरीच एकदा शेव न घालता पोहे करा आणि नातवासमोर अर्ध्या बशीवरच शेव भुरभुरा.

प्रश्न : मी पाचवीला गणित शिकवते. 'तीन बाजूंनी बंदिस्त झालेल्या आकृतीस त्रिकोण म्हणतात' हे सगळ्यांना पाठ आहे, पण टोक खाली असलेला त्रिकोण फळ्यावर काढला की अर्धा वर्ग "हा त्रिकोण नाही" म्हणतो. व्याख्या पाठ असून असे का होते? – एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : याचे कारण मुलांच्या आळसात शोधू नये, ते आपण दाखवलेल्या आकृत्यांत आहे. पुस्तकातला त्रिकोण नेहमी पायावर सरळ बसलेला असतो, बहुधा तिन्ही बाजू सारख्या दिसणारा. मुलाने शंभर वेळा तोच पाहिला असेल, तर 'पाया खाली' हीसुद्धा त्रिकोणाची खूण ठरते. डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी 1981 मध्ये संकल्पनेची व्याख्या आणि तिचे मनातले चित्र या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. प्रश्न समोर आला की माणूस बहुधा चित्राकडे धाव घेतो आणि व्याख्या वहीतच राहते.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, लक्षणाचे (व्याख्येचे) जे दोष सांगितले आहेत, ते इथे फार उपयोगी पडतात. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेली, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराची, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे त्यांनी मान्य केलेले लक्षण. आपल्या विद्यार्थ्यांची चूक अव्याप्तीची आहे (वरच्या पोह्यांचीही तीच), आणि अव्याप्ती घालवायची तर वगळले गेलेलेच पुढे आणावे लागते : उलटा त्रिकोण, अगदी निमुळता, एका कोपऱ्यावर तोललेला, आणि एखादा सुतळीचा, जमिनीवर आखलेला.

तेवढ्याने मात्र भागत नाही, कारण मग मुले टोकदार दिसेल त्याला त्रिकोण म्हणू लागतात. म्हणून त्रिकोण नसलेल्या आकृत्याही दाखवाव्यात, पण वर्तुळ दाखवून काही साधत नाही. जिची एकच बाजू किंचित वाकडी आहे, किंवा जिचा एक कोपरा केसभर उघडा आहे, अशी आकृती खऱ्या त्रिकोणाशेजारी काढावी आणि "यात काय बिघडले?" एवढेच विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर देताना मुलाच्या तोंडी 'बंदिस्त' हा शब्द आला, तर त्या वेळी तो पाठांतरातून आलेला नसतो.

प्रश्न : मूल शब्द बरोबर वापरू लागले म्हणजे त्याला संकल्पना कळली, असे धरावे का? – एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : नाही. लेव्ह व्हिगोट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञांच्या 1934 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याची साधी तपासणी आहे. निरनिराळ्या रंगांचे, आकारांचे, उंचीचे आणि लहानमोठे 22 लाकडी ठोकळे घेत. प्रत्येकाच्या तळाशी चार निरर्थक शब्दांपैकी एक लिहिलेला असे. एक ठोकळा उलटा करून शब्द दाखवायचा आणि त्याच नावाचे बाकीचे वेचायला सांगायचे. रंग आणि आकार फसवे होते. नाव ठरत होते उंची आणि लहानमोठेपणावरून. काही मुले मोठ्यांसारखाच गट करत, पण एकाशी दुसरा दिसायला जुळतो म्हणून; बाहेरून तोच निकाल, आत दुसरेच कारण. हा प्रयोग स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या तळाशी खडूने खुणा करून घरी करता येतो. चुकलेला डबा मुलाला स्वतःच उलटा करून पाहू द्यावा आणि त्यानंतर उरलेल्यांतला कोणता डबा ते उचलते, यावर लक्ष ठेवावे.