प्रश्न आपले : विमान देखभाल अभियंत्याचा परवाना

प्रश्न : मुलगा यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाला. मोपा विमानतळ जवळ असल्याने त्याला विमान देखभालीचे शिक्षण घ्यायचे आहे. एका संस्थेने ‘कोर्स संपताच परवाना आणि नोकरी’ असे सांगून भरमसाट फी मागितली आहे. विश्वास ठेवावा का?
– एक पालक, पेडणे

उत्तर : ठेवू नये. परवाना कोणतीही संस्था देत नाही. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ‘सीएआर ६६’ या नियमावलीनुसार देते. संस्थेचे काम शिकवण्याचे, आणि तेही तिला ‘सीएआर १४७’खाली मान्यता असेल तरच उपयोगाचे. मुलाने बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतले असेल, तर वाट मोकळी आहे. इंजिन, सांगाडा व यांत्रिक प्रणालींसाठी ‘बी १’ आणि एव्हिऑनिक्ससाठी (विमानातील इलेक्ट्रॉनिक प्रणालींसाठी) ‘बी २’ हे परवान्याचे मुख्य वर्ग असून, जेट प्रवासी विमानांवर यांत्रिक काम करायचे तर ‘बी १’मधला ‘बी १.१’ घ्यावा लागतो. प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे विषयगटाच्या, परीक्षेत किमान ७५ टक्के गुण लागतात. त्याशिवाय मान्य अभ्यासक्रम केलेल्यांनाही ‘बी १.१’ आणि ‘बी २’साठी वापरातील विमानांवर २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तांत्रिक शिक्षण नसलेल्यांना ५ वर्षांचा. उमेदवार हमखास अडकतात ते इथेच, कारण शिकवणी संपते, पण हँगरमध्ये (विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये) उभे करून घेणारे कोणी मिळत नाही.

परवाना मिळाल्यावरही एअरबस ए ३२० किंवा एटीआर ७२ यांसारख्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानासाठीची पात्रता, त्यावर नोंदवले गेल्याशिवाय त्या विमानाच्या कामावर सही करता येत नाही. रात्री मुक्कामी आलेल्या विमानाचे चाक बदलले, तर नट ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळला आहे का, तो मोजणाऱ्या टॉर्क रेंचची कॅलिब्रेशनची (अचूकता तपासणीची) मुदत टळलेली नाही ना, हे पाहून अधिकृत अभियंता टेक्निकल लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, सही करतो. ती झाल्याशिवाय पहाटेचे उड्डाण होत नाही. पगार मिळतो तो या सहीच्या जबाबदारीचा. टाइप रेटिंगचा खर्च लाखांत जातो. कंपनीने तो उचलला, तर बहुधा ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेते.

मोपावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने सुटू लागली, गोव्याचा दाबोळी विमानतळही चालू आहे. मात्र दोन्हीकडे मुख्यतः लाइन मेंटेनन्स, म्हणजे उड्डाणांमधली तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती होते. मोठ्या तपासण्यांसाठी नागपूरचे मिहान किंवा हैदराबाद येथे जावे लागेल, तेव्हा मुलगा घरून ये-जा करील हा हिशेब आताच सोडावा. फी भरण्यापूर्वी संस्थेकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मान्यता कोणत्या वर्गासाठी आहे, ती कधीपर्यंत आहे आणि प्रात्यक्षिक कोणत्या हँगरमध्ये होते. उत्तर टाळले गेले, तर पैसे भरू नयेत.

प्रश्न : नौदलाच्या विमान विभागातून पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे. माझा अनुभव परवान्यासाठी धरला जाईल का?
– एक नौसैनिक, वास्को

उत्तर : समकक्ष ठरल्यास धरला जातो, परंतु नागरी विमानांवरचा काही काळाचा अनुभव त्याला जोडावा लागतो. म्हणून सेवेत असतानाच रीतसर परवानगी घेऊन परीक्षांना बसावे, आणि कोणत्या विमानावर कोणते काम केले याची तारीखवार नोंद, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनिशी, युनिट सोडण्यापूर्वीच करून घ्यावी. इंजिनाचे विषय आपल्याला जड जाणार नाहीत. नागरी विमान नियमांवरचे मॉड्यूल १० मात्र लष्करी सवयीच्या माणसाला अनोळखी वाटते, त्यामुळे अभ्यासाची सुरुवात त्यापासून करणे श्रेयस्कर.