भंगारातले भाग वापरून घरी पेरिस्टाल्टिक पंप बनवता येईल का? बाल्कनीतल्या झाडांना द्रवखत मोजून द्यायचं आहे.

नक्की येईल, आणि तुमच्या कामाला हाच पंप योग्य आहे. यात खत फक्त नळीला लागतं. मोटर आणि बेअरिंग कोरडी राहतात. डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरवणारा पंपही याच तत्त्वावर चालतो. पेप्सीकोल्याची पिशवी दाबत आपण बर्फ वर सरकवतो, तसे इथे फिरत्या चकतीवरचे रोलर नळी दाबत द्रव पुढे ढकलतात.

माझा पंप नवी मुंबईत ऐरोलीला बाल्कनीतच चालतो. बहुतेक जण आधी मोटर शोधायला निघतात. तुम्ही आधी नळी ठरवा, आणि तेवढी एक वस्तू नवी घ्या. गवंड्यांची पारदर्शक लेव्हलची नळी दबून दबून चपटीच राहते. सलाइनची वापरलेली नळी तर घरात आणूच नका. आतून ३ मिमी आणि बाहेरून ५ मिमी अशी सिलिकॉनची नळी उत्तम.

आता खरी मेख. या नळीच्या दोन्ही भिंती मिळून २ मिमी होतात. रोलर आणि नळी जिला टेकते ती बाहेरची गोल कड यांच्यातली फट त्याहून थोडी कमी, १.६ ते १.७ मिमी हवी. फट जास्त राहिली तर द्रव मागे सरकतो. फार कमी झाली तर मोटर अडते आणि नळी लवकर फाटते. भंगारातल्या भागांतून इतकं अचूक माप पहिल्या फटक्यात जमत नाही, म्हणून कड पक्की ठोकू नका. तिची भोकं लांबट करा, म्हणजे बोल्ट ढिले करून ती पुढेमागे सरकवता येईल. मग नळीत पाणी भरून मोटर बंद ठेवा आणि बाहेरचं टोक वर धरा. चकती हाताने कुठेही फिरवून थांबवली तरी पाणी उतरता कामा नये.

रोलर म्हणून मुलांच्या जुन्या फिजेट स्पिनरमधली ६०८ नंबरची बेअरिंगं वापरा: आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ मिमी. ५ मिमीची नळी दबली की साडेसहा-सात मिमी रुंद होते, त्यामुळे ती जेमतेम मावते. नळी जाड घेतलीत तर दोन बेअरिंगं शेजारी शेजारी लावा. चकतीच्या मध्यापासून २० मिमीवर, सारख्या अंतराने अशी तीन बसवली आणि नळी अर्ध्या वर्तुळात फिरवली, की एक तरी रोलर कायम नळी दाबून असतो. एका फेऱ्यात साधारण सव्वा मिलिलिटर द्रव पुढे जातो. तरी दहा फेऱ्यांचं पाणी सिरिंजने मोजून तुमचा आकडा काढाच.

मोटर गाडीच्या वायपरची घ्या. ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपास भंगारवाल्यांकडे विचारून बघा. तिच्या दांड्याला आटे आणि नट असतो, चकती घट्ट बसते. वीज जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट. त्याची हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो. मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर टाळा: ती कधी उलटी, कधी सुलटी सुरू होते, आणि बऱ्याचशा थेट २३० व्होल्टवर चालतात, जे पाण्याजवळ नको.

बोल्ट स्टेनलेसचे घ्या, खाडीच्या हवेत साधे गंजतात. रोलर नळीला हळूहळू पुढे ओढतात, म्हणून आत येणाऱ्या बाजूला तिला क्लिप लावा. आणि नळीचा दबणारा भाग अधूनमधून तपासा. बारीक चीर दिसली की तेवढी नळी बदलायची.